सरखेलांच्या नळीतले बोंबील

१

खोलपाड्याच्या चोरीचा छडा तिसऱ्या दिवशी लागला. चोरानं कबुली दिली, माल काढून दिला आणि तपास करणाऱ्या कारकुनाला बसायला पाट दिला. कारकून बसला.

वाचकांनी हे वाचलं असलं तरी वाचलेलं नाही असं धरावं. सरकारी दप्तरात खोलपाड्याला चोरी झाल्याची नोंद नाही. चोरी नाही म्हणजे चोर नाही, चोर नाही म्हणजे कबुली नाही, आणि पाटाची तर नोंद नाहीच नाही. तेव्हा आपल्याला काहीच ठाऊक नाही असा चेहरा करून पहिल्यापासून सुरुवात करू.

एकोणीसशे छप्पन सालचा जानेवारी. अलिबागच्या कचेरीतले दप्तर-कारकून दत्तात्रेय टिपणीस गुरुवारी सकाळी थळच्या पलीकडे खोलपाड्याला पोचले. वय सव्वीस, अंगावर कोट, स्वभाव संशयी. ठेवलेल्या जागी छत्री सापडली तर ती आपलीच कशावरून, असं त्यांच्या मनात आधी यायचं. अशा माणसाला कचेरीनं जुनी वतनं तपासायच्या कामावर घातलं होतं, यात कचेरीचं डोकं दिसतं.

खोलपाडा म्हणजे कोळ्यांची चाळीस घरं आणि त्यांच्यापुढे सात एकरांचं खळं. खळ्यावर बांबूंच्या वलांडी उभ्या, त्यांना दोर ताणलेले आणि दोरांवर बोंबील वाळत. खळं होतं म्हणून मासळी वाळत होती, मासळी वाळत होती म्हणून पाड्याची चूल पेटत होती. पण हे खळं सरकारी कागदात 'सरखेली इनाम' म्हणून लागलं होतं. नव्या कायद्यानं अशी इनामं खालसा होत होती. मूळ सनद दाखवली तरच जमीन राहायची, नाहीतर शनिवारी सूर्य बुडाला की खळं सरकारजमा आणि मग लिलाव. नागावचे बागायतदार अंबाजीशेट यांनी लिलावाच्या आधीच नारळाची रोपं मोजून ठेवली होती. आजही ते हजर होते. 'सहज' आलो म्हणाले. दत्तात्रेयानं 'सहज' हा शब्द वहीत लिहून घेतला.

सनद गुणाजी सरखेलांच्या घरात, तांब्याच्या नळीत होती. गुणाजी सत्तरीचे. पूर्वजांना मिळालेला आरमारी किताब आता त्यांच्याकडे होता. नळी छातीशी धरून ते म्हणाले, "भाऊसाहेब, ही पान्यात उभं ऱ्हावून उघडायची. किताब दर्याचा हाय. जमिनीवर उघडला की उतरला."

"किती पाण्यात?"

हा प्रश्न शंभर-दीडशे वर्षांत कुणी विचारला नव्हता. पाड्याचा तांडेल, म्हणजे होड्यांचा म्होरक्या, भिकू म्हणाला, "होडी तरंगंल इतक्या." शाळेचे चांगदेव मास्तर म्हणाले, "गुडघाभर पुरे." अंबाजीशेट म्हणाले, "आमच्यात पाय भिजला की समुद्र." गुणाजींनी गुडघ्याला ताबडतोब मान डोलावली. दर्याच्या या सरखेलांना होडीत पाय ठेवला की ओकारी येत असे. गाव हे जाणून होता आणि बोलत नव्हता.

मग भारत सरकारचा एक नोकर, धोतर वर खोचून, कानाला टाक लावून, गुडघाभर पाण्यात उभा राहिला. गुणाजींनी डोळे मिटून नळीचं टोपण फिरवलं आणि नळी उलटी केली.

आतून दोन सुके बोंबील निघाले. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवलेला.

दत्तात्रेयानं बोंबलांकडे पाहिलं नाही, चेहऱ्यांकडे पाहिलं. सगळे डोळे फाडून बोंबलांकडे बघत होते. फक्त चांगदेव मास्तर लांब खांदेरीच्या बेटाकडे बघत उभे होते, आणि बेटावर तेव्हा बघण्यासारखं काही चाललेलं नव्हतं.

२

"नळी कधी उघडता?" गुणाजींच्या ओटीवर बसून दत्तात्रेयानं विचारलं.

"वर्सातून एकदा. नारली पुनवेला, भिकूच्या होडीतून पान्यावर जाऊन. दर्याला दाखवायची नि बंद करायची."

"मागच्या पुनवेला आत कागद होता?"

"माजे डोले मिटलेले असतात, भाऊसाहेब." म्हातारा खाली बघू लागला. "पर भिकूनं बघितला. इचारा त्याला."

"आणि वर्षभर? आत कागद आहे हे कसं कळतं?"

गुणाजींना हा प्रश्न फार बाळबोध वाटला. "हालवून बघतो की! रोज सांजच्याला दिवा लावला की नली कानाशी धरायची नि हालवायची. आत खुळखुळ झाली की सरखेली शाबूत."

"आवाज कधी बदलला नाही?"

"बदलला तर! दिवालीनंतर खडखडीत यायला लागला. मी हिला बोललो, बघ, किताबाची बढती झाली."

दत्तात्रेयानं वहीत लिहिलं: दिवाळीनंतर बढती.

'ही' म्हणजे गुणाजींची बायको सोनूबाई. त्या अलिबागच्या बाजारातून नुकत्याच आल्या होत्या. रिकामी पाटी दाराशी उतरवलेली, पण पाटीखाली घ्यायची कापडाची चुंबळ तशीच डोक्यावर. "चोरी करायची तर घरात सोनं न्हाय व्हय?" त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. "माझी नथ चोरली न्हाय. ह्यांचा आवाज चोरला."

"घरात कोण कोण येतं?"

"पाडा येतो. दार कुठं हाय आमाला? मास्तर दोन्ही टायम जेवायला येतात. भिकूभावजी भांडायला येतात. अंबाजीशेट खळं बघायला येतात नि पानी मागून माज्या ओटीवर बसतात."

"तुमचा संशय कुणावर?"

"तुमच्यावर." सोनूबाई शांतपणे म्हणाल्या. "शंबर वर्सं कागद होता. तुमी बघायला आलात नि बोंबील झाला."

दत्तात्रेयाला राग आला नाही. मुद्दा बरोबर होता. त्यांनी वहीत स्वतःचं नाव संशयित क्रमांक चार म्हणून लिहिलं, आणि कचेरीतून निघाल्यापासून आपण कुठं कुठं होतो ते आठवू लागले. तेवढ्यात बाहेरून भिकू तांडेलाचा आवाज आला:

"सरखेली त्यांची नव्हतीच, भाऊसाहेब! ती आमच्या पणज्याची. आता कागदच न्हाय म्हंता? मंग बघू या कोन सरखेल ते!"

३

भिकू तांडेल किनाऱ्यावर होडीला तेल लावत होता. पाच फूट उंच, आवाज पंधरा फुटांचा.

"पुनवेला नळीत कागद होता?"

"होता. पिवला, गुंडाळी केलेला. माज्या ह्या डोल्यांनी बघितला. गुणाजीकाका तवा कठड्यावर वाकलेले होते, दर्याला आपलं जेवन दाखवत."

"सरखेली तुमची म्हणता, मग कागद गेला तर तुमचा फायदाच."

"फायदा?" भिकूनं तेलाचा बोळा फेकला. "खळं गेलं तर मी मासली काय डोक्यावर सुकवू? भांडान आमचं किताबाचं हाय, खळ्याचं न्हाय. आनि एक सांगतो, मी चोरी केली असती तर आत बोंबील ठेवला असता व्हय? पापलेट ठेवला असता. माजी काय इज्जत हाय पाड्यात."

हा बचाव कुठल्याही कोर्टात टिकला नसता, पण दत्तात्रेयाला तो पटला. तरी त्यांनी वहीत 'पापलेट' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

अंबाजीशेट खळ्याच्या कडेला पावलं मोजत होते. दत्तात्रेय दिसताच मोजणं थांबवून फिरणं सुरू केलं.

"शेट, सनद सापडली नाही तर जमीन लिलावात येईल."

"दुःखाची गोष्ट," अंबाजीशेट म्हणाले आणि एक नारळ कुठं बसेल ते बघितलं.

"हे बोंबील नळीत कुणी ठेवले असतील?"

"माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे, टिपणीस. मी त्या पदार्थाकडे बघतही नाही." बोलता बोलता त्यांनी बघितलं. नाक पुढे आलं. "हा यंदाचा आहे. कार्तिकातला पहिला माल. मागच्या सालचा असता तर पिवळा पडून कुबट झाला असता. याला अजून गोडवा आहे. चुलीवर जरा शेकवून, वर खोबरेल सोडून..."

"माळ कधी घातलीत?"

"गेल्या वैशाखात," अंबाजीशेट पडेल आवाजात म्हणाले.

म्हणजे श्रावणातल्या पुनवेला कागद आत होता, आणि कार्तिकात, दिवाळीनंतर, तो जाऊन बोंबील आले. दोन महिन्यांपूर्वीची चोरी. पण तेव्हा सरकारचा हुकूम निघालाही नव्हता! खळं जाणार हे पाड्यात कुणाला माहीत नव्हतं. मग ज्या कागदाची कुणाला गरज नव्हती, जो कुणाला वाचता येत नव्हता, तो दोन महिने आधी कुणी कशाला पळवावा?

वाचता येत नव्हता. दत्तात्रेय वाळूतच थांबले. सनद मोडीत होती. पाड्यात मोडी कुणाला येत होती?

४

चांगदेव मास्तर मूळचे साताऱ्याकडचे, गेल्या जूनमध्ये बदलून आलेले. शाळेत एक खोली, सतरा मुलं, एक फळा आणि फळ्यावर कालचा पाढा. दत्तात्रेय शुक्रवारी सकाळी गेले तेव्हा मास्तरांनी न विचारता पहिलं वाक्य बोलून टाकलं: "मी ती सनद कधी पाहिलेली नाही."

विचारल्याशिवाय दिलेलं उत्तर दत्तात्रेयाला नेहमीच आवडत असे. "मोडी येते ना आपल्याला?"

"येते. पण त्याचा काय संबंध?"

"काही नाही. मला एवढंच सांगा, हा सरखेल म्हणजे कोण?"

मास्तरांचा चेहरा उजळला. मास्तराला घाबरवायचं असेल तर धमकी द्यावी, पण बोलतं करायचं असेल तर विषय द्यावा. "सर म्हणजे मुख्य, खेल म्हणजे टोळी. दिल्लीच्या सुलतानांच्या काळी सरखेल म्हणजे दहा घोडेस्वारांवरचा नाईक. फार मोठा हुद्दा नव्हे. पुढे तो दक्षिणेत आला, मोठा झाला, मराठ्यांच्या आरमारात गेला आणि समुद्रावरच्या मुख्याला सरखेल म्हणू लागले. तिकडे कुलाब्याच्या किल्ल्यात होते ते मोठे सरखेल. गुणाजींच्या पूर्वजांना मिळाला तो लहान, एका खाडीपुरता."

"घोड्यावरचा माणूस पाण्यात कसा गेला?"

"राज्याला नवं पद काढायचा कंटाळा असतो, टिपणीस. जुनं असतं ते उचलायचं आणि जिथं गरज तिथं टाकायचं. माणूस बुडत नाही तोवर चालतं."

दत्तात्रेय कारकून होते. त्यांना हे लगेच समजलं. कचेरीत शिपायाला 'हुजऱ्या' म्हणत, आणि हुजूर जाऊन आठ वर्षं झाली होती.

"आणि गुणाजींच्या सनदेत काय लिहिलंय?"

"तिच्यात..." मास्तर थांबले. फळ्यावरचा पाढा पुसू लागले. तीन आठे पुसले. "ते मला कसं ठाऊक असणार?"

"खरंय. तुम्ही ती पाहिलीच नाही." दत्तात्रेय उठले. "मग उद्या मी वर लिहून टाकतो, सनद गहाळ, खळं सरकारजमा. तुमची जेवणाची सोय मात्र बघावी लागेल. खळं गेलं तर सोनूबाईंच्या घरी चूल कशावर पेटणार?"

मास्तरांचा फळा पुसणारा हात थांबला. पाठमोरेच ते म्हणाले, "आणि सापडली तर? काही कागद असे असतात, टिपणीस, की ते हरवलेले असण्यातच सगळ्यांचं भलं असतं. हरवलेल्या कागदाला निदान मुदत वाढवून मागता येते. सापडलेल्याला नाही."

५

शनिवारी सकाळी दत्तात्रेय खळ्यावर गेले. खिशात चार सुटे बोंबील होते, आणि कोटाला त्या वासाची सवय होऊ लागली होती.

पहिल्यांदा त्यांनी भिकू तांडेलाला गाठलं. "हे दोन जरा धरा." भिकूनं दोन्ही शेपटीला धरून मुठीत कोंबले. गुणाजींनी एक उजव्या हातात घेतला, एक डाव्या, आणि नळी नसल्यानं तेच कानाशी नेऊन हलवले. मास्तरांनी पुस्तकासारखे एकावर एक ठेवले. अंबाजीशेटांनी हात मागे घेतले, मग इकडेतिकडे बघून एक घेतला, आणि तो परत दिला नाही.

वलांडीपाशी नीराबाई नावाची शेजारीण बोंबील टांगत होती. दत्तात्रेयानं दोन तिच्या हातात दिले. ती त्यांच्याशीच बोलत होती, हाताकडे बघतही नव्हती. आणि बोटांनी एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडी दोरावर टाकली. कोळणी दिवसाला हजार जोड्या टांगतात. बोंबील दोन हातात आले की जोडी होते, मग मनात असो वा नसो.

पुरुष मासळी आणतात, टांगतात बायका. नळीत बोंबील ठेवणारा हात बाईचा होता. आणि त्या हाताला हेही माहीत होतं की नळी रिकामी ठेवून चालणार नाही, कारण घरातला म्हातारा ती रोज कानाशी हलवतो.

सोनूबाई दुसऱ्या टोकाला, आपल्या घरापुढे होत्या. पाटी खाली, डोक्यावर चुंबळ.

"सोनूबाई, चुंबळ उतरवा की. पाटी तर कधीची खाली आहे."

त्या हलल्या नाहीत. "डोकं गार पडतंय."

"गुरुवारी ओटीवरही उतरवली नव्हती. चुंबळीत कागद आहे."

मग सोनूबाईंनी दोन्ही हात वर नेले, चुंबळ काढली, कापडाचे वेढे सोडले आणि आतून पिवळा, गोल झालेला कागद काढला. दोन महिने सरखेली सनद रोज त्यांच्या डोक्यावर बसून, वर मासळीची पाटी घेऊन, कचेरीच्या दारावरून अलिबागच्या बाजाराला जात होती.

"बसा," त्यांनी पाट पुढे सरकवला. दत्तात्रेय बसले.

"दिवालीला मास्तर जेवायला आले होते. मी बोलले, मास्तर, आमच्या कागदात काय हाय ते तरी सांगा. शंबर वर्सं ह्यो मानूस नि त्याचा बाप हालवत बसलेत. आत काय हाय कोनाला ठाव न्हाय."

"म्हणजे नळी जमिनीवर उघडलीत?"

सोनूबाईंना हा आरोप चोरीपेक्षा जास्त लागला. "कोलीन हाय मी, भाऊसाहेब! घमेल्यात खारं पानी घेतलं, दोन्ही पाय बुडवले नि मग उघडली. मास्तरलापन एक पाय बुडवायला लावला."

"आणि मास्तरांनी वाचलं."

"वाचलं नि त्यांचा घास तोंडात ऱ्हायला. त्यात लिवलंय, सरखेलानं दहा घोडे पाळायचे. खळं घोड्यांच्या चाऱ्याला दिलेलं. घोडे नसले तर खळं सरकारचं." त्यांनी गोल झालेला कागद सरळ केला. "पाड्यात एक घोडा आला न्हाय कवा, भाऊसाहेब. साधी म्हैस बघितली की माज्या सासऱ्याचा बाप लपायचा म्हंतात. आमी सगली वर्सं चोरीच्याच जमिनीवर मासली सुकवली. मी बोलले, हा कागद कोनाच्या हाताला लागता कामा नये. म्हाताऱ्याला सांगितलं असतं तर त्याचं कालीज फुटलं असतं. म्हनून बोंबील ठेवले. त्याला आवाज पायजे होता."

कागद त्यांनी दत्तात्रेयाच्या मांडीवर ठेवला. शेजारी अंगणातल्या चुलीत नारळाच्या करवंट्या जळत होत्या.

"दाखवला तरी खळं जातं. न्हाय दाखवला तरी जातं. तुमी शिकलेले. सांगा, चुलीत घालू?"

वाळूवरून अंबाजीशेट येत होते. त्यांच्या मागून दोन माणसं नारळाची रोपं घेऊन.

६

दत्तात्रेयानं सनद वाचली. मास्तरांनी काही चुकीचं वाचलं नव्हतं. 'घोडे रास दहा बारमाही दाणावैरणीनिशी तयार राखावे. चरणीस समुद्रकाठचे कुरण दिल्हे असे. घोडे न राखिल्यास कुरण सरकारजमा.' पण वाचता वाचता त्यांना एक ओळखीचा वास आला, आणि तो मासळीचा नव्हता. मजकुरात समुद्राचा पत्ताच नव्हता. होडी नाही, शीड नाही, खाडी नाही. फक्त घोडे. नाही म्हणायला, घाईघाईत 'समुद्रकाठचे' एवढा शब्द ओळीच्या वर घुसवलेला.

"हुजूरच्या कारकुनानं घाटावरच्या कुठल्या तरी स्वार-सरखेलाची जुनी सनद नक्कल केली," ते म्हणाले. "नाव बदललं. जागा बदलली. घोडे काढायचे राहिले."

"असं कुनी करतं व्हय?" सोनूबाईंनी विचारलं.

"मी दर महिन्याला करतो."

मास्तरही धापा टाकत आले होते, मागून गुणाजी आणि भिकू. "नक्कल असो नाहीतर काही, शिक्का आहे ना! अट लागू होणारच!"

"मास्तर, तुम्ही कागद एकाच बाजूनं वाचलात."

"दुसरी बाजू कोरी असते."

"पुस्तकाची. दप्तरातला माणूस कागद हातात आला की आधी पालथा करतो. काम पुढे असतं, पण भानगड मागे असते." दत्तात्रेयानं सनद उलटी केली. मागे, शिक्क्याच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत दोन ओळी होत्या. त्यांनी मोठ्यानं वाचल्या: 'घोडे रास दहा हुजुरातून पावते होतील. पावल्याची पावती घ्यावी. पावल्या दिवसापासोन अट सुरू.'

अंबाजीशेट पोचले होते. "काय, सापडली? शाब्बास! काय लिहिलंय?"

"घोडे पाळायची अट आहे, शेट."

"घोडे?" शेटांनी खळ्यावर नजर फिरवली आणि त्यांना अतोनात आनंद झाला. "इथं तर एकही दिसत नाही! मग जमीन गेली की!"

"घोडे पोचल्या दिवसापासून अट सुरू होते. गुणाजीबाबा, घोडे पोचल्याची पावती कधी दिलीत?"

गुणाजी गोंधळून म्हणाले, "म्या? घोडाच न्हाय बघितला अजून जवलून."

"म्हणजे सरकारनं घोडे पाठवलेले नाहीत. अट सुरू झालेली नाही. जी सुरूच झाली नाही ती मोडणार कशी? थकबाकी सरकारची आहे, सरखेलांची नाही. आणि सरकारकडून येणं असताना सरकारला जमीन लिलावात काढता येत नाही."

"अहो, पण ते सरकार कधीच बुडालं!"

"त्याचा कारभार ज्यानं घेतला त्यानं येणंदेणंही घेतलं. मी कचेरीत याच टेबलावर बसतो, शेट. सरखेलांनी फक्त घोड्यांची मागणी करायची. मागणीचा निकाल लागेपर्यंत खळं आहे तसं."

"आणि निकाल कधी लागंल?" भिकूनं विचारलं.

दत्तात्रेयानं पहिल्यांदा वही मिटली. "घोड्यांचा? आधी कुठल्या खात्याचा विषय ते ठरवतील. महसूल म्हणेल लष्कराकडे, लष्कर म्हणेल आरमाराकडे, आरमार म्हणेल आमच्याकडे घोडे नसतात. मग परत महसुलाकडे."

अंबाजीशेटांनी रोपं आणणाऱ्या माणसांकडे बघितलं. माणसांनी रोपं खाली ठेवली. सोनूबाई त्यांना म्हणाल्या, "इथं नका ठेवू, बाबांनो. बोंबलावर सावली पडते."

पंचनाम्यात दत्तात्रेयानं लिहिलं की मूळ सनद नळीत नसून घरातच अन्यत्र सुरक्षित आढळली, चोरीचा प्रकार नाही. मग मास्तरांनी अर्ज लिहायला घेतला आणि सगळा पाडा भोवती बसला. भिकूनं आपलंही नाव घालायचा हट्ट धरला, म्हणून ते सहीच्या जागेखाली बारीक अक्षरात घातलं. सूर्य बुडायच्या आत गुणाजींनी अंगठा उमटवला. तो अर्ज असा:

मेहेरबान कलेक्टरसाहेब, जिल्हा कुलाबा, यांचे सेवेशी.

अर्जदार गुणाजी सरखेल, राहणार खोलपाडा, याची विनंती ऐसीजे. अर्जदाराच्या पूर्वजास मिळालेल्या सनदेप्रमाणे सरकारातून घोडे नग दहा येणे आहेत. ते आजवर पोचले नाहीत. अर्जदाराची याबद्दल तक्रार नाही, वाट लांब आहे.

तरी घोडे सत्वर पाठवावेत. ते मांडव्यास लाँचीने उतरवावेत किंवा अलिबागेहून रस्त्याने पाठवावेत, मात्र ओहोटी बघून, कारण भरतीत पाड्याचा रस्ता पाण्याखाली असतो. घोडे शांत स्वभावाचे असावेत. पाड्यात कोणास बसता येत नाही. सोबत एक माणूस पाठवावा जो घोडा पुढून कोणता व मागून कोणता हे दाखवून देईल.

घोडे येईपर्यंत सदर कुरण मोकळे पडून खराब होऊ नये म्हणून अर्जदार व पाड्यातील चाळीस घरे तेथे तात्पुरती मासळी वाळत घालीत आहेत. घोडे पोचल्याची पावती दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी मासळी काढून घेऊ, याची हमी देत आहोत.

यास्तव घोडे नग दहा, खोगीर-लगामासह, जातीने मोजून अर्जदाराच्या ताब्यात देण्याची तजवीज व्हावी, आणि एखादा घोडा वाटेत मेल्यास त्याबदली दुसरा मिळावा, ही नम्र विनंती.